काकूच्या बिरड्यातली गोळी

"मेंदूत रक्तस्राव झाला असता म्हणजे? कोणी दिली यांना ही गोळी?" रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टर असे ओरडत होते की तिकडे कोलाडच्या हॉटेलांत मिसळीची तर्री हलली असेल.

समोर काकू, विळीने कापलेलं बोट धरून. जखम नखाएवढी, पण सकाळपासून चार पंचे लाल झाले होते.

काकूला विसरण्याचा आजार. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं चढतात आणि माणसं, वाटा, आत्ताच जेवलो की नाही, सगळं त्याखाली जातं. मी तर केव्हाच गेलो. हल्ली काकालाही ती "कोण वो तुमी?" विचारायची. वाल सोलणारी बोटं तेवढी शाबूत.

गोळी काकाची. त्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिथे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, रोज एक. ती तो दोन आठवडे कुटून काकूच्या बिरड्यात घालत होता. कडव्या वालात काय कळतंय?

डॉक्टरांपेक्षा मी तापलो. पेपरवाल्यांना कोर्टात खेचीन म्हणालो. या गोळ्यांनी ती पुटं चढायची थांबतील का, याचं संशोधन चाललंय, एवढीच बातमी. पण मथळा मंडपाच्या कमानीएवढा, आणि प्रयोग अजून उंदरांवर आहेत हे मुंगीच्या अक्षरात! उंदरांनी काय पुण्य केलंय? त्यांना आधी सगळं, आणि आमच्या काकूने रांगेत बसायचं?

आता, तो पेपर रामवाडीहून रोह्याला काकाकडे मीच नेला, हे खरं. त्याला वाचून दाखवताना उंदीर गाळले, हेही खरं. भरल्या ताटावर उंदीर कोण काढतो? आणि एक बाई बरी होऊन नवऱ्याला ओळखायला लागली, हे पेपरात नव्हतं. ते मी वाढलं. काकाने तेवढंच उचललं.

बोटाचं रक्त थांबलं. काकूला दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. मग डॉक्टरांनी काकाची चिठ्ठी पुन्हा पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. रोज एकच गोळी मिळते, ती काकूला गेली, मग तुम्ही इतके दिवस काय घेतलंत?

"मी कशाला घेऊ?" काका म्हणाला. "माझ्या सगळं ध्यानात हाय."