दोरीचं चिलखत

एडना मेटकाफचे हात रिकामे मी कधी पाहिले नाहीत. आमच्या खोऱ्यात मेटकाफ आडनावाची माणसं दगड मारावा तिथे सापडतात, म्हणून तिला सगळे 'विणकरीण एडना' म्हणत. कमरपट्ट्यात एक लाकडी खुंटी खोचलेली असायची, तिच्या भोकात एक सुई रोवायची आणि मेंढ्यांमागे चढण चढता चढता पायमोजा पुरा करायचा, ही तिची रीत. नवऱ्याशी, विल्फशी, ती गोड बोलल्याचं मला आठवत नाही. पण विकतची लोकर त्याच्या अंगाला कधी लागली नाही हेही खरं.

मी पेगी ऑल्डरसन. पुलाशेजारचं दुकान माझं. टपालाची तिकिटं, चहा, रॉकेल, मेंढ्यांचं औषध, दोऱ्या, सगळं एकाच छपराखाली. खालच्या गावात थ्वेटचं दुकान निघाल्यापासून माझं गिऱ्हाईक गळायला लागलं होतं आणि त्याचा मला फार राग होता.

एकाहत्तर सालच्या सप्टेंबरात लंडनहून टीव्हीवाले आले. लहान मुलं भीतीनं उशीआडून बघतात तसल्या मालिकेचं चित्रीकरण आमच्या टेकडीवर करायचं होतं. या टेकडीखाली एक जुना राजा आपल्या सरदारांसह झोपलाय आणि देशावर वाईट वेळ आली की उठणार आहे, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. टीव्हीवाले म्हणाले, ती माणसं नव्हेतच, दूरच्या ताऱ्यावरून आलेली आहेत, आणि गुहा म्हणजे त्यांचं यान. पाद्रीबुवा रुसले. विल्फ म्हणाला, "राजा आमचा, टेकडी आमची, आणि यान तेवढं यांचं. बरं आहे."

सरदार झाले गावातलेच सहा गडी, विल्फही त्यांत. चिलखतं मात्र लोखंडाची नव्हती. जाड सुती दोरी जाड सुयांवर विणायची आणि वर रुपेरी रंग फासायचा, टीव्हीवर ती हुबेहूब लोखंडी दिसते. कपड्यांची व्यवस्था बघणारी मिस क्वेनेल माझ्याकडे विचारत आली आणि मी एडनाचं नाव सांगितलं. एडनाचं काम तिला असं आवडलं की लंडनची पुढची बारा चिलखतंही तिलाच द्यायचं ठरलं. साठीच्या उंबरठ्यावर बाई नव्या नवरीसारखी खुलली होती.

पाच चिलखतं झाली आणि माझ्याकडची सुती दोरी संपली.

"थ्वेटकडे बघते," एडना म्हणाली.

थ्वेटचं नाव ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या फळीवर पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचं रीळ होतं, शेतकऱ्यांसाठी आणलेलं. ते मी पुढे केलं.

"हे घे. सुतीच आहे, नव्या जातीचं."

तिनं दोरी चिमटीत धरून फिरवली. "सरकतंय गं हाताखाली."

"नवं आहे म्हणून. रंग लागला की कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रीळ पिशवीत टाकलं. लोणी ताजं आहे असलं खोटं मी दुकानात रोजच बोलायचे. त्यानं कोणी मरत नाही.

चित्रीकरणात आग असणार हे मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की त्यांच्या आगवाल्यानं पहिल्या चिलखताचा तुकडा तुरटीच्या पाण्यात बुडवून ज्योतीवर धरला होता. तो पेटला नाही, म्हणून सहाही पास.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी एमोस कोट्स त्याच नायलॉनची दहा वार दोरी न्यायला आला. सुती दोरी कापली की टोकाला गाठ मारतात, नायलॉनचं टोक काडीनं वितळवतात, नाहीतर ते उसवतं. हजार वेळा केलंय मी ते. त्या दिवशी वितळलेला एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. झटकला, निघेना. ओढून काढला तर कातडी घेऊनच आला.

मी अंगठा चोखत उभी होते आणि एमोस सांगत होता, "टेकडीवर आज मजा आहे. सहाही जण आगीच्या दारातून बाहेर यायचेत. गॅसच्या नळ्या टाकल्यात, खऱ्याखुऱ्या ज्वाळा. दहाला सुरू करणार म्हणे."

मी अंगठ्याकडे पाहिलं. घड्याळात पावणेदहा झाले होते.

दुकान उघडं टाकून मी धावले. मागून एमोस दोरीबद्दल ओरडत होता. वरपर्यंत वीस मिनिटांची चढण, आणि माझे गुडघे तेव्हाही असेतसेच. युद्धात डोक्यावरून विमानं गेली तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. थेंबभर नायलॉननं अंगठा सोलला होता आणि तिथे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खा माणूस त्यात गुंडाळलेला होता. देवा, कोणी मरू नये, मी म्हणत होते, आणि मी खोटं बोलले हेही कुणाला कळू नये. एका श्वासात दोन्ही मागितलं. लाज वाटायलाही दम उरला नव्हता.

वर फाटकापाशी एका पोरसवदा माणसानं ओठांवर बोट ठेवून मला अडवलं. कॅमेरे चालू झाले होते. त्याला ढकलून मी आत गेले. एडना स्टुलावर बसून विणत होती.

"सहावं चिलखत," मी धापा टाकत म्हणाले. "नायलॉन आहे. वितळतं."

तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. सुया गवतात पडल्या आणि ती सरळ कॅमेऱ्यांसमोर गेली. ज्वाळा फुरफुरत होत्या, दिग्दर्शक कर्ण्यातून शिव्या घालत होता. सहावं चिलखत विल्फसाठी विणलेलं होतं, आणि तो रांगेच्या शेवटी होता. तिनं त्याची बाही चिमटीत धरली.

"ही सुती आहे. तुझं कुठंय?"

"काखेत काचत होतं. क्लिफर्डला दिलं बदलून."

क्लिफर्ड संटर, खाणीतला बावीस वर्षांचा गडी, रांगेत सगळ्यात पुढे होता. शिरस्त्राणात त्याला काही ऐकू जात नव्हतं. दिवा लावणाऱ्याला हा गोंधळ कळायच्या आत इशाऱ्याचा हिरवा दिवा लागला, तसा तो चालायला लागला. एडना धावली. तिनं मागून घोळ धरून त्याला खेचलं, पण एक हात ज्वाळेपर्यंत पोचला होता. बाहीतून जळते थेंब गवतावर टपटपले. क्लिफर्ड किंचाळला. एडनानं आपली लोकरी शाल त्या हाताभोवती गुंडाळली आणि मिठी मारल्यासारखी दाबून धरली. लोकर सहसा पेट घेत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

मनगटावर तळहाताएवढी कातडी गेली. पोरगा वाचला.

आगवाल्यानं गॅस बंद केला, बाहीचा तुकडा कापून काडीवर धरला. तो टपकत राहिला. सगळे बघत होते. दिग्दर्शकाच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"ही दोरी आणली कुणी?"

सोललेला अंगठा मी मुठीत लपवला.

"मी," एडना म्हणाली. "विणलं मी, चूक माझी."

मिस क्वेनेलनं तिथल्या तिथे सांगितलं की पुढची बारा चिलखतं लंडनलाच होतील आणि एडनानं आता घरी जावं. एडनानं सुया उचलल्या, गवत झटकलं.

आम्ही तिघं उतरू लागलो. विल्फ म्हणाला, "मी म्हणालो होतो, झोपलेल्यांना झोपू द्यावं," पण कोणी हसलं नाही, मग तो पुढे निघून गेला. दगडी कुंपणापाशी मी थांबले.

"एडना, मी बोलायला हवं होतं."

"हो."

"तू का आपल्या अंगावर घेतलंस?"

"कारण चूक माझी होती." तिनं सुया कमरपट्ट्यात खोचल्या. "तू खोटं बोललीस ते मला दुकानातच कळलं होतं, पेगी. बोटांना कळतं. पण शेजारणीला तोंडावर खोटारडी कशी म्हणू? भीड पडली. त्या भिडेपायी आज पोरगा जळून गेला असता."

हाताला लागलेला रुपेरी रंग झग्याला पुसत ती खाली गेली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेऊन मुकाट दुकान उघडलं असतं.

मी वळले आणि पुन्हा टेकडी चढायला लागले. वर दिग्दर्शक अजून होता, मिस क्वेनेल होती, क्लिफर्डची आईही एव्हाना पोचली असेल. आता वर कोणी जळत नव्हतं, तरी मी मघासारखीच घाईनं चढत होते, 'दोरी माझी, खोटं माझं' असं घोकत.