चौतीस श्वास

"काकू, नर्स होतात ना? मग नर्ससारखं बाजूला उभं राहा."

अमेरिकेत मॉरिसव्हिलला, तुमच्या मामाच्या हॉलमध्ये, एका मराठी डॉक्टरने मला हे ऐकवलं. समोर सोफ्यावर तुमचे आजोबा. तोंड उघडं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

मुलांनो, तुम्हाला नागपुरात फोनवर फक्त "आजोबा आजारी होते" एवढंच कळलं. खरं काय घडलं ते लिहिते.

चूक आमचीच. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची सोडून मामाने मराठी मंडळाच्या ग्रुपवर "आपला डॉक्टर" शोधला. परदेशात आलो की आधी आपला माणूस, मग हॉस्पिटल. तो आला. मास्क हनुवटीवर.

"ओमायक्रॉन आहे, डेल्टा नाही. वास येतोय ना? मग छातीत जात नाही. घसा खवखवेल, चार दिवसांत बरे होतील."

मी कागद पुढे केला. ऑक्सिजन शहाऐंशी. श्वास मिनिटाला चौतीस. घड्याळ लावून मोजलेले. म्हटलं, "व्हेरियंट सौम्य असेल डॉक्टर, पेशंट सौम्य नाही. पंचाहत्तर वय आहे, मधुमेह आहे."

त्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अच्छा. सरकारी हॉस्पिटल, कोट्याची सीट. आता तुम्ही मला व्हेरियंट शिकवणार?"

कागद चुरगाळून त्याने टीपॉयवर टाकला. मामा खाली मान घालून म्हणाला, "आई, प्लीज. सीन नको करू."

छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. असली वाक्यं गिळत आले. ड्यूटी पुरी करायची, घरी यायचं. त्या क्षणी आजोबांचे ओठ निळे दिसले आणि गिळणं संपलं.

मी फोनकडे निघाले. तो आडवा आला. "काकू, पॅनिक करू नका." माझं मनगट धरलं त्याने.

मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का मारला. सगळ्या ताकदीने. तो शू-रॅकवर आदळला, रॅक कोसळला, कोपराला रक्त आलं. मी वळूनही पाहिलं नाही. नाइन-वन-वन लावला, स्वच्छ इंग्रजीत पत्ता सांगितला, श्वासांचा आकडा सांगितला. पलीकडच्या बाईने माझी जात विचारली नाही. "किती वेळापासून?" एवढंच विचारलं.

न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत होता. आजोबा जगले. आता नाकात ऑक्सिजनची नळी आहे, त्यांना जिना चढवत नाही.

काल मामा म्हणाला, "आई, तो मंडळाचा प्रेसिडेंट आहे. एकदा सॉरी म्हण ना. विषय संपेल."

नाही म्हणणार. धक्का मी शुद्धीत मारला. पुन्हा कोणी माझ्या आणि गुदमरणाऱ्या माणसाच्या मधे उभा राहिला, तर पुन्हा मारीन. आणि पुढच्या वेळी कोणी माझं मनगट धरेपर्यंत थांबणार नाही.