अमळनेर–धुळे गाडीतली कानबाई

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ममता अमरसिंग पावरा शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि काडी काजळात बुडवून एका नारळाला डोळे काढत होती. डावा नीट जमला. उजवा जरा मोठा झाला. तिने ओल्या रुमालाने तो पुसला आणि पुन्हा काढला.

"मॅडम, नथ," दुसरीतली एक मुलगी म्हणाली. अमळनेरच्या बाजारातून आणलेली खोटी नथ ममताने नारळाला चिकटवली.

"आणि खाली गहू पाहिजेत. आमच्या घरी गव्हावरच बसवता."

"किती?"

"ओंजळभर."

गहू आले. मग कुंकू आलं, जरीच्या काठाचं कापड आलं. मुली सांगत गेल्या, ममता करत गेली. पुढे काय होतं ते मुलींनी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नव्हतं.

दहीगव्हाणची जिल्हा परिषद शाळा अमळनेर–धुळे रस्त्यापासून थोडी आत आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं. शाळेचं वार्षिक स्नेहसंमेलन, ज्याला गाव गॅदरिंग म्हणतं, दरवर्षी माघात, गहू ओंबीवर आले की होतं. शाळेचा ओटा हाच रंगमंच. मागचा पडदा घरोघरच्या साड्या एकमेकींना टाचून होतो, आणि आपली साडी मधे लागली की कडेला, हे प्रत्येक घर येऊन पाहून जातं.

ममता इथे दोन वर्षांपूर्वी आली. तिचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, तीसेक घरांचा पाडा. वडील अमरसिंग पावसावरची ज्वारी आणि तूर पिकवतात, आई चमेलीबाई मोहाच्या दिवसांत पहाटेच रानात जाते. ममता सातव्या वर्षी आश्रमशाळेत गेली. तिथे पहिले सहा महिने गुरुजी काय बोलतात ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या हातांकडे पाहायची. मराठी आली, मग धुळ्याला डी. एड. झालं. दहीगव्हाणला आल्यावर पुन्हा तीच गत. मुलं अहिराणीत बोलायची आणि बाई त्यांच्या हातांकडे पाहायच्या. आता तिला अहिराणी पूर्ण कळते. बोलायला गेली की पहिलीतली मुलंसुद्धा चुका काढतात, म्हणून ती मराठीतच उत्तर देते.

गावात तिने एक खोली भाड्याने घेतली आहे. रविवारी मात्र ती पाड्यावर जाते. त्यामुळे श्रावणातल्या रविवारी घरोघर बसणारी, रात्रभर जागवली जाणारी आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यात सोडली जाणारी देवी, कानबाई, तिने दोन्ही वर्षं फक्त मोबाईलवर पाहिली होती.

तरी कानबाईच्या मिरवणुकीचा नाच तिनेच बसवला. पहिली-दुसरीच्या मुलींना तो घरूनच येत होता. मुलींनी चौरंग डोक्यावर आणायचा, ओट्याच्या मधोमध ठेवायचा, भोवती फुगड्या घालायच्या, चौरंग उचलून निघून जायचं. तीन आठवडे सराव झाला तो पालथ्या तांब्यावर.

पण ममताचा जीव नाचात नव्हता, नाटकात होता. नाटक तिनेच लिहिलं होतं. अमळनेर–धुळे एस. टी. दहीगव्हाणच्या फाट्यावर थांबत नाही आणि गावची पाच माणसं तिला थांबवायला निघतात, एवढीच गोष्ट. मागच्या वर्षी ते व्हायचं होतं. पाहुण्यांची भाषणं एवढी लांबली की साउंडवाल्याची वेळ संपली. तिसरीतली सात मुलं मिशा काढलेल्या तोंडाने घरी गेली. कंडक्टर झालेली हर्षिता, किराणा दुकानवाल्या दीपचंदशेठची नात, दुसऱ्या दिवशीही मिशी न पुसता शाळेत आली होती. ममताने त्या सातजणांना तेव्हाच सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी नाटक होईल. आता ती मुलं चौथीत होती. जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार होती.

म्हणून यंदा तिने भाषणं कापली. मुख्याध्यापक हितेंद्र सोनवणे सरांना ती म्हणाली, "सर, दोनच. सरपंचांचं आणि तुमचं."

"आणि आभारप्रदर्शन?"

"शेवटी. नाटकानंतर."

सरांनी मान डोलावली. ते धुळ्याहून मोटरसायकलने येतात, आणि अंधार पडायच्या आत निघता आलं तर त्यांना हवंच असतं.

साउंडवाला मगन चारला आला. स्पीकरची खोकी ओट्याच्या दोन बाजूंना ठेवून तो म्हणाला, "मॅडम, साडेसहाले मी वायर गुंडाळसू. पुढला गावमा हळद शे. नवरदेव मना साडू शे, त्याले सांगता येत नही."

"साडेसहाला आमचं संपलेलं असेल," ममता म्हणाली.

आणि तसंच चाललं होतं. सरपंच आटोपशीर बोलले. लेझीम झालं, तिसरीचं कोळीनृत्य झालं. साडेपाचला कानबाईचा नाच लागला. मुली डोक्यावर चौरंग घेऊन आल्या, चौरंग ओट्याच्या मधोमध ठेवला, फुगड्या घातल्या. मग दुसरीतल्या त्याच जाणत्या मुलीला आठवलं की मॅडमकडून दिवा ठेवायचा राहिला. कोपऱ्यात दीपप्रज्वलनाची समई जळत होती. तिने तिच्यावर निरांजन पेटवलं आणि नारळापुढे नेऊन ठेवलं.

समोर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या दोघींनी चपला काढल्या. मागच्या रांगेत डोक्यावर पदर गेले. गाणं संपलं, मुली चौरंग उचलायला वाकल्या आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या वच्छलाबाई चहाची किटली तशीच हातात घेऊन ओट्यावर चढल्या.

"हात लावू नका व पोरीस्वन. बठनी ती."

ममता पडद्यामागून बाहेर आली. "कोण बसली?"

"कानबाई. दुसरं कोन?"

"वच्छलाबाई, तो नाचातला नारळ आहे."

"डोया कोन्ही काढात?"

"मी."

"नथ?"

"मीच."

"गहू, कुंकू, दिवा. बठ्ठं तुम्हीच करं, आनि आते म्हंतस नारय शे." वच्छलाबाईंनी किटली खाली ठेवली आणि चौरंगाला हात जोडले. "आते तिले आजनी रात हालाडानं नही."

ममताने सरांकडे पाहिलं. सरांनी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सुकदेव आबांकडे पाहिलं. आबा खुर्चीतून उठले, चष्मा लावला, जवळ येऊन नारळ नीट बघितला आणि अध्यक्ष म्हणून पहिली हरकत घेतली.

"पन माघमा? कानबाई श्रावणमा येस."

"आबा, उनी ते उनी," वच्छलाबाई म्हणाल्या, म्हणजे आली ती आली. "घर उनेल बाईले महिना इचारतस का?"

"बायास्नी ठराव करी टाका, ते मी अध्यक्ष कसाले शे?"

"फेटा बांधाले," मागून कोणीतरी म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. आबाही हसले आणि जाऊन बसले. प्रश्न मिटला होता.

ममताचा मिटला नव्हता. निम्म्या बायका उठून घराकडे गेल्या होत्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन त्या परत येऊ लागल्या आणि ओट्याच्या पायरीशी ओटी भरायला रांग लागली. रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. एकेक बाई सावकाश कुंकू लावणार, ओटी भरणार, डोळे मिटून मनातलं सांगणार. मगनने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं.

सर पडद्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण भाषणं कापली आणि तुम्ही देवीच बसवली."

"मला माहीत नव्हतं, सर."

"मला होतं. पण मी तो चौरंग पाहिलाच नाही. मी आभाराची यादी लिहीत होतो."

पडद्यामागे सात मुलं तयार होती. ड्रायव्हर झालेला स्वप्नील सायकलची रिम दोन्ही हातांनी धरून बसला होता. हर्षिताच्या गळ्यात कंडक्टरची बॅग होती आणि ओठावर काजळाची मिशी.

"मॅडम, यंदा पण नाही का?" हर्षिताने विचारलं. रडवेली वगैरे नव्हती. तिला फक्त मिशी पुसायची की ठेवायची ते ठरवायचं होतं.

"ठेव," ममता म्हणाली आणि बाहेर गेली.

वच्छलाबाई रांग लावत होत्या. ममता त्यांच्याजवळ उभी राहिली. "वच्छलाबाई, ओटीला माइक लागतो का?"

"ओटीले कसाले माइक?"

"नाटकाला लागतो. मगनभाऊ साडेसहाला जाणार. ओटी त्यानंतर भरू. पाहिजे तर मी पहिली भरते."

वच्छलाबाईंनी रांगेकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "पन ती मधमा बठेल शे. तुमनी गाडी कोठे लागी?"

"तिला हलवायचं नाही ना? मग नाही हलवत. गाडी तिच्याभोवती लावते."

देवीभोवती गाडी लावणं चूक की बरोबर, हे वच्छलाबाईंनाही कोणी आधी सांगितलेलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "खिडकीनी जागा द्या तिले." आणि रांगेकडे वळून, "बठा व खाले. आधी नाटक दखी ल्या."

गाडी म्हणजे वर्गातल्या खुर्च्या आणि खिडकी कापलेला एक पुठ्ठा. ठरल्याप्रमाणे गाडीचं तोंड प्रेक्षकांकडे असायचं. पण तसं लावलं तर खिडकी कानबाईच्या पाठीमागे येत होती. ममताने आणि सरांनी मिळून गाडी फिरवली. आता स्वप्नील प्रेक्षकांकडे पाठ करून बसणार होता. त्याने कुरकुर केली.

"ड्रायव्हरचं तोंड प्रवाशांना कधी दिसतं का?" ममता म्हणाली. तो बसला.

नाटक सुरू झालं. फाट्यावर गाडी थांबत नाही म्हणून एक जण रस्त्यात आडवा झाला, एकाने म्हैस सोडली, एकाने आजारी पडल्याचं सोंग घेतलं. लोक हसत होते. शेवटी गाडी थांबली, सगळे चढले आणि हर्षिता तिकिटं फाडत निघाली. नाटकात तिने पाच तिकिटं द्यायची होती. ती पाच देऊन चौरंगापाशी आली आणि थांबली. पुढचं ममताने लिहिलेलं नव्हतं.

"आई, कुठे जायचं?" हर्षिताने नारळाला विचारलं.

सरांनी डोळे मिटले.

प्रेक्षकांतून वच्छलाबाईंचा आवाज आला. "धुये." धुळे.

"अर्धं तिकीट," हर्षिता म्हणाली. "बायांना अर्धं आहे."

"अर्धं कसाले?" रांगेत दुसरी बसलेली म्हातारी म्हणाली. "पंच्याहत्तरना वर तिकीट नही. तिले फुकट शे."

"तिनं वय काय शे?" आबांनी खुर्चीतून विचारलं.

"मना आजीनी आजी तिले पुजे. हिसाब करी ल्या."

हर्षिताने बॅग पुढे ओढली. मिशीवर बोट फिरवलं. दीपचंदशेठ गल्ल्यावर उधारी मागणाऱ्याकडे जसं पाहतात, तसं तिने नारळाकडे पाहिलं. "आधारकार्ड दखाड."

यानंतर दोन-तीन मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही. मगन खोक्यावर डोकं ठेवून हसत होता. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर हात मारत होत्या. हसू ओसरल्यावर वच्छलाबाई उभ्या राहिल्या आणि कानबाईच्या वतीने म्हणाल्या, "घर ऱ्हायनं." घरी राहिलं.

"बरं. आजच्या दिवस चालवून घेते," हर्षिता म्हणाली आणि दोनदा घंटी वाजवली. स्वप्नीलने रिम फिरवली. गाडी धुळ्याला निघाली. फाटा मागे पडला, नाटक संपलं.

साडेसहा वाजून गेले होते. मगनने घड्याळ पाहिलं आणि घाईने वायर गुंडाळायला घेतली. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. "निघालो, निघालो," तो म्हणाला, "इठे एक सवारीनं तिकीट ऱ्हायनं होतं." पलीकडून काय बोललं गेलं ते कळलं नाही. हितेंद्र सर आभाराचा कागद हातात घेऊन माइकपाशी आले तेव्हा माइक पेटीत गेला होता. सरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. ममताने ते पाहिलं. तिला वाईट वाटलं असं दिसलं नाही.

ओटी ठरल्याप्रमाणे तिनेच पहिली भरली. कशी भरायची ते वच्छलाबाई सांगत होत्या. आधी तांदूळ, मग खण, मग नारळ, पदर पुढे. पाड्यावरच्या बाईला हे येत नाही याची कोणी दखल घेतली नाही. घाई मात्र सगळ्यांना होती, कारण मागे रांग होती. सातही मुलं ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई हर्षिताकडे तिकीट मागत होती. हर्षिता देत होती, पण एकीलाही फुकट देत नव्हती.

"मॅडम, किल्ली?" वच्छलाबाईंनी विचारलं. रात्री दोन-तीन बायका कानबाईजवळ शाळेतच झोपणार होत्या.

"मी आहे," ममता म्हणाली.

"आणि उद्याचं काय?" सरांनी मोटरसायकल चालू करता करता विचारलं. "उद्या सुट्टी नाही."

"सुट्टी कोन मांगस?" वच्छलाबाई म्हणाल्या. "ती लवकर जाई."

उद्या शनिवार आहे, म्हणजे सकाळची शाळा. कानबाई साडेसहाला बोरी नदीच्या बंधाऱ्याकडे निघेल. परिपाठ साडेसातला आहे.