खड्डे त्यांचे, तिवर मावशीचे

ऐरोलीच्या खाडीतल्या तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता कत्तल झाली. केली आमच्याच नव्याकोऱ्या सोसायटीने, आणि निमित्त काय, तर वृक्षारोपण! तिवर तोडून चिखलात गुलमोहर लावले, टाळ्याही वाजवल्या.

रोज गेटवर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, विकणारी मावशी पाटी टेकवून बघत होती. चिडली की भाव वाढवणारी ही बाई त्या दिवशी नुसती हसत मला म्हणाली, "थांब पोरी, भरती येव दे."

भरती आली आणि गुलमोहर तरंगत मुलुंडकडे निघाले! ओहोटीला मावशीने लुगडं खोचलं, पाटीतून कोंब फुटलेल्या तिवराच्या बिया काढल्या. "खड्डे झ्याक खनलेत गो! तिवर नाय त चिंबोरी रानार कुठं?" गुडघाभर चिखलात आम्ही दोघींनी खिदळत बिया लावल्या.

येत्या रविवारी सोसायटी हे 'तण' उपटणार आहे. तुम्ही नऊलाच या आणि वाट अडवून उभे राहा.