यादीतून पुसलेला धवला

माझ्या पुतणीच्या हळदीचं गाणं मी पुसलं आणि दोष वहिनींच्या मेमरी कार्डावर ढकलला. पहिली चूक नकळत झाली. दुसरी मी पूर्ण शुद्धीत केली.

आमच्याकडे लग्नाला धवलारीण लागते. ती म्हातारी हळदीपासून धवले गाते आणि गाण्यात त्या घरातल्या माणसांची नावं गोवते. पुतणीच्या हळदीत चौथ्या कडव्याला तिच्या बापाचं, माझ्या दादाचं नाव आलं तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "हाय, हतंच हाय मी." सगळा मांडव हसला होता. वर्षाच्या आत दादा गेला. त्याचा आवाज म्हणून वहिनींकडे मेमरी कार्डावरचं तेवढंच रेकॉर्डिंग उरलं.

वहिनी भिवपुरीजवळच्या आमच्या गावात राहतात, मी भिसेगावात. दादाच्या आजारपणात मी पाहुण्यासारखा येऊन चहा पिऊन जायचो, हे त्या विसरलेल्या नाहीत. कार्ड द्यायला त्यांचा साफ नकार होता. मी तेव्हा घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर भावकीतल्या लग्नांची गाणी जमवत होतो आणि ती ऐकायला मोबाइलचा प्लेअर बनवत होतो. जाहिराती नाहीत, कसल्या शिफारशी नाहीत. उघडायचा आणि ऐकायचं. "डब्यात ठेवून नासवाल," असं म्हणत मी कार्ड जवळजवळ ओढूनच आणलं. गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, कार्ड रिकामं केलं, त्यावर दुसऱ्या एका लग्नाचं रेकॉर्डिंग केलं आणि ते तसंच परत दिलं.

प्लेअर चालू झाला. पडद्यावर 'हळदीचा धवला' ही ओळ एकाखाली एक वीस-पंचवीस वेळा. नावं मीच तशी टाकली होती. ती यादी मला बघवेना. प्रत्येक गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट ऐकलं. तीच बाई, तीच चाल. सर्वांत स्वच्छ आवाजाचं एक ठेवलं आणि बाकीची दुबार समजून पुसून टाकली. चौथ्या कडव्यापर्यंत मी एकदाही थांबलो नाही.

वहिनींनी त्यांच्या फोनवर प्लेअर उघडला, तर दादाच्या जागी भलत्याच घरातल्या बापाचं नाव. त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, कार्डच खराब होतं. वर नातेवाइकांत बोलत सुटलो की वहिनींना वस्तू सांभाळता येत नाही.

पुढच्या महिन्यात खालापूरला चुलतभावाच्या मुलीची हळद होती. वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या, कार्ड फोनमध्ये घातलं आणि आवाज वाढवला. मी केलेलं ते रेकॉर्डिंग खणखणीत वाजू लागलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "खराब कार्डात तुमचं हे लगीन बरं नासलं नाय?"

बायका माझ्याकडे बघू लागल्या. धवलारीण तिथंच होती. भांडण मिटावं म्हणून ती म्हणाली, मी परत गाते गं, त्यात काय.

"नांदत्या पोरीला परत हळद लावू?" वहिनी तिच्यावरही उखडल्या. "आन तुजा धवला आयकून हाय म्हनायला कोन येनार? ह्ये भावजी?"

चुलतभाऊ म्हणाला, सोडा आता, नंतर बोला. पण कार्डाची बदनामी मी याच माणसांत केली होती.

"वहिनी, कार्ड चांगलं होतं," मी म्हणालो. "यादी नीट दिसावी म्हणून दादाचं गाणं मी पूर्ण न ऐकताच पुसलं. ते आता कुठंच नाही. नंतर खोटं बोललो, तुमच्याबद्दल वाईट बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."