गिअरमध्ये उतरलेला घाट

शेटने ती काठी माझ्या सदऱ्याला पुसली.

काठी डिझेल मोजायची होती. वेताची, खुणा कोरलेली. गाडी लांबच्या खेपेहून परतली की शेट स्वतः टाकीत काठी बुडवायचा, बाहेर काढायचा आणि ओल कोणत्या खुणेपर्यंत चढली ते पाहायचा. त्या दिवशी ओल ठरलेल्या खुणेच्या चार बोटे खाली होती. त्याने काठी वर धरून सगळ्यांना दाखवली. मग माझ्या छातीवर ती पुसली. निवांतपणे. दोन्ही बाजूंनी.

कुंभिवलीत हमरस्त्याला लागून शेटचे आवार आहे. सकाळचे अकरा वाजले असतील. सात-आठ ड्रायव्हर उभे होते. माझे वय तेव्हा त्रेपन्न. शेटला चाळिशीही लागली नव्हती.

"काय रं लखम्याच्या, कुटं विकलंस?"

लखम्या म्हणजे माझे वडील. नाव लक्ष्मण. शेटच्या आजोबांपासून ते त्या घरी गडी होते. त्या घराने मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. नाव ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या लायसन्सची झेरॉक्स शेटच्याच टेबलात होती.

"विकलं नाही," मी म्हणालो.

"मग पिलास का काय?"

ड्रायव्हर हसले.

"घाट गिअरमध्ये उतरलो."

शेटला खरोखरच कळले नाही. त्याने विचारले, "का?"

खोटे सांगता आले असते. वाटेत कोंडी होती, वळसा पडला, काहीही. मी खरे सांगितले.

"भीती वाटते."

सगळे असे हसले की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानेही मान वर केली. शेट म्हणाला, "ऐकलंत का रं? डायवर हाय, आन घाटाला भितो. उद्या म्हणंल, स्टेरिंगला हात लावायला लाज वाटती."

चोर ठरायचे की भित्रा, एवढीच निवड मला होती. मी भित्रा ठरलो.

याआधी बावीस वर्षे मी रसायनीच्या एका कारखान्यात ठेकेदाराचा कामगार होतो. पिंपे भरणे, पिंपे हलवणे. कारखाना बंद पडला. पन्नाशीनंतर नवे काम कोण देतो? ड्रायव्हर मात्र सगळ्यांना हवे होते. मी जड वाहनाचे लायसन्स काढले. शिकवणारे गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच चाकांना धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये टाकली की ती सुटते. मग तुमच्या आणि दरीच्या मध्ये फक्त ब्रेक उरतो, आणि ब्रेक तापला की तोही उरत नाही.

हे मी वहीत लिहून घेतले होते. आवारात मात्र डिझेल वाचवायला उलटी रीत होती. शेट प्रत्येक खेपेला डिझेल द्यायचा ते घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा हे धरूनच. तसे कुठे लिहिलेले नव्हते. कोणी तोंडाने सांगतही नव्हते. काठीवरची खूणच ते सांगायची.

मला स्टिअरिंगची भीती नव्हती. सोलापूर, हैदराबाद, सरळ रस्ता असेल तर मी चौदा तास बसू शकत होतो. भीती परतीची होती. मागे साखरेची पोती भरलेली, खाली खोपोलीपर्यंत बोरघाटाचा उतार. लोणावळा जवळ आले की माझे तळहात ओले व्हायचे. मी ते मांडीला पुसायचो. ते पुन्हा ओले व्हायचे.

अब्बासचाचा त्या आवारातला सर्वांत जुना ड्रायव्हर. खालापूरचा. तीस वर्षे गाडीवर. सदऱ्याच्या प्रकारानंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "अरे, पयल्या वळणाला भ्या वाटतं. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला तुला आठवतबी नाय." त्याने मला समजावले, की टोमणा मारला, ते तेव्हा कळले नाही. तोही इतरांबरोबर हसला होता, एवढे मी पाहिले होते.

पुढच्या खेपेला मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

शरमेने टाकली. दुसरे कारण नव्हते.

दुपार होती. आभाळ स्वच्छ. जुन्या रस्त्याने उतरत होतो. गिअर काढताच इंजिनचा आवाज पडला आणि गाडी हलकी झाली. इतक्या पोत्यांनी लादलेली गाडी हलकी कशी होते? पण झाली. पहिले वळण गेले. चाचा म्हणाला होता तसे दुसरेही गेले. मी ब्रेक दाबत होतो, सोडत होतो, दाबत होतो. हवेचा दाब दाखवणारा काटा दर दाबण्याला थोडा खाली येत होता. मग जळका वास आला. तो वास मला रसायनीत ओळखीचा झाला होता. काहीतरी बिघडण्याच्या आधी तो येतो.

पुढे एक टेंपो होता. उघडा. त्यात दहा-बारा बायका मागे तोंड करून बसल्या होत्या. मोठमोठी पातेली, झारे. कोणाच्या तरी लग्नाचा स्वयंपाक उरकून घरी चालल्या असाव्यात. त्या हसत बोलत होत्या. एकीने माझ्या गाडीकडे बोट करून शेजारणीला काही सांगितले. तीही हसली.

मी ब्रेक दाबला. पाय टेकला तिथेच राहिला. गाडी हळू झाली नाही.

गिअर टाकायचा प्रयत्न केला. दांडा किंचाळला आणि हातातून उसळून परत आला. पुन्हा टाकला. पुन्हा परत. हवेचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि इशाऱ्याची घंटा वाजू लागली. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

बायकांचे हसणे थांबले. आधी एकीचे, मग सगळ्यांचे. त्यांना वाटले असेल, हा जवळ येतो आहे, आता वेग कमी करेल. मग त्यांना कळले. त्यांना कळल्याचे मी पाहिले. अंतर इतके कमी होते की एकीच्या कपाळावरचे कुंकू घामाने ओघळलेले मला दिसत होते. तिने पातेले पोटाशी घट्ट धरले. जणू पातेले तिला वाचवणार होते.

डाव्या हाताला डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचे गटार. मी डावीकडची चाके गटारात घातली. केबिन कातळाला घासत गेली. आरसा उडाला. पत्रा फाटण्याचा आवाज माझ्या कानाजवळून किती वेळ चालला ते सांगता येणार नाही. मग गाडी थांबली.

टेंपो पुढच्या वळणावर गेला होता. जाता जाता एक बाई ओरडली ते ऐकू आले. "मुडद्या, डोळं फुटलं का तुजं!"

तिचे बरोबर होते.

माझी पँट ओली झाली होती. हे लिहायला लाज वाटते. तरी लिहितो.

दोन तास मी ब्रेक थंड होण्याची वाट पाहिली. एका ट्रकवाल्याने दोर लावून गाडी गटारातून ओढून दिली. उरलेला घाट मी पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

आवारात शेटने काठी बुडवली. ओल बरोबर खुणेवर होती. घाटाचा बराचसा भाग आधीच न्यूट्रलमध्ये उतरून झाला होता ना! त्याने केबिनचा फाटका पत्रा पाहिला, त्यावर हात फिरवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"खरचटतंय रं, चालायचंच. आता झालास डायवर!"

मग तो मला ओट्यावर घेऊन गेला. त्याच्या घराचा ओटा. माझे वडील त्या ओट्याच्या खालच्या पायरीच्या वर कधी बसले नाहीत. पंगतीतले उरलेलेही त्यांनी पायरीवरच खाल्ले. शेटने खुर्ची पुढे ओढली.

"बस."

मी बसलो. चहा आला. मी प्यालो. तो काही विनोद बोलला त्यावर मी हसलोही. सदऱ्याला काठी पुसली तो माझा अपमान होता असे लोक म्हणतील. माझ्या मते नव्हता. अपमान या खुर्चीत झाला. कारण इथे मी त्याला मदत केली.

मी, बायको आणि नोकरी करणारी मुलगी, आम्ही कर्जतला भिसेगावात राहतो. घरी आलो तेव्हा बायकोने कपडे धुवायला घेतले. तिने पँट नाकाशी धरली, माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले. टेंपोतल्या बायकांचेही सांगितले. खुर्चीचेही.

ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "म्हंजे तुमी भ्यानं मुतलात, आन त्यो म्हणतो डायवर झालात?"

"हो."

"आन तुमी चा पिऊन आलात."

"हो."

"त्या बायांच्या जागी मी आसती तर?"

तिने पँट दोनदा धुतली.

चार दिवसांनी पुढची खेप लागली. आवारात गेलो तेव्हा मी भ्यालो होतो. घाटात भ्यालो त्यापेक्षा जास्त. घाटात मला मरणाची भीती होती. इथे भीती त्या घराची होती, आणि ती माझ्या आधीपासून माझ्या घरात होती. वडील त्या घराच्या कुत्र्यालाही वाट द्यायचे.

मी सगळ्यांसमोर बोललो. मोठ्याने नाही.

"मी घाट गिअरमध्येच उतरणार. जास्त डिझेल लागेल. ते द्या."

"आन नाय दिलं तर?"

"तर एकदा माझ्या शेजारी बसा. न्यूट्रलमध्ये उतरवतो. तुम्ही सांगाल त्या वेगाने."

शेट हसला. हसून त्याने इकडेतिकडे पाहिले, दुसरे कोणी हसते का म्हणून. कोणी हसले नाही.

"मला टाइम नाय."

"आजच नको. सवड होईल तेव्हा. मी थांबतो."

त्याचा चेहरा बदलला. तो जवळ आला. "तुजा बाप या आवारात कधी मान वर करून बोलला नाय."

"ते भीत होते," मी म्हणालो. "मीही भितो. तुम्हीही भिता. म्हणून तर बसत नाही."

तो मारील असे मला वाटले. मी डोळे मिटले. मार पडला नाही. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे पाहतही नव्हता. खिशातून गाडीची चावी काढून त्याने बाजूला हात लांब केला.

"चाचा, तू घे गाडी."

अब्बासचाचाने माझ्याकडे पाहिले. मग चावीकडे. मग त्याने चावी घेतली.

मी आवारातून बाहेर पडलो. इथे ही हकीकत संपवली असती तर माझी मान ताठ राहिली असती. पण ती इथे संपत नाही. पुढचे तीन दिवस मी घरात धड जेवलो नाही. चाचा त्याच गाडीने, त्याच फाटक्या केबिनमध्ये बसून, तोच घाट न्यूट्रलमध्ये उतरणार होता. माझ्या नकारामुळे. फोन वाजला की बायको आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

चाचा सुखरूप परतला. आठवड्याने खालापूरच्या नाक्यावर भेटला. मी बरे वाटले म्हणून पुढे झालो. तो मागे सरला.

"तू मोटा झालास," तो म्हणाला. "आन ती गाडी माज्या गळ्यात पडली. तुजी पोरगी कमावती हाय. माज्या घरात कमावता मी एकटा. तुला नाय म्हणायला परवडलं. मला विचारलंस का आदी?"

मी विचारले नव्हते. मला सुचलेही नव्हते. माझ्या धाडसात दुसऱ्या कोणाला जागा नव्हती, हे त्या नाक्यावर कळले.

याला आठ वर्षे झाली. आज मी दुसऱ्या मालकाकडे गाडी चालवतो. घाट गिअरमध्ये उतरतो हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितले. मला आजही भीती वाटते. तळहात आजही ओले होतात. भीती जावी अशी माझी इच्छा राहिलेली नाही. ज्यांची गेली त्यांच्यातल्या दोघांना मी स्मशानात पोचवून आलो आहे.

घाटाच्या माथ्यावर चहाला गाड्या थांबतात. शेटच्या आवारातले ड्रायव्हरही थांबतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसतो. घडलेले सगळे सांगतो, काही वगळत नाही. काही उठून जातात. काही ऐकतात. चौघांनी मला शब्द दिला आहे, एकाने नाकारलेली चावी दुसरा घेणार नाही असा. चाचाने अजून दिलेला नाही. त्याच्याकडे मी दर महिन्याला जातो. तो शिव्या देतो. मी बसून राहतो.

एकट्याने नाही म्हटले की चावी शेजारच्या हातात जाते. हे मला आधी कळायला हवे होते. माझ्या गाडीवरची वर्षे आता फार उरली नाहीत. ती संपण्याआधी त्या आवारात असा एक दिवस आणायचा आहे. शेट चावी पुढे करील, हात दुखेपर्यंत धरून ठेवील, आणि ती घ्यायला एकही माणूस पुढे होणार नाही.