बायनाबाईचं औक्षण

पेडगावच्या बायनाबाईने ओवाळल्याशिवाय रंगनाथरावांनी कधी निवडणुकीचा अर्ज भरला नाही. पहिल्यांदा तिने ओवाळलं आणि ते आमदार झाले. तेव्हापासून तिच्या हातच्या कुंकवावर त्यांची श्रद्धा बसली. माणूस मोठा देवभोळा. मांजर आडवं गेलं तर गाड्यांचा ताफा थांबवायचा.

त्या पहिल्याच निवडणुकीत मतदान केंद्रावर मारामारी झाली. एकाचं डोकं फोडलं रंगनाथरावांच्या भावाने. गुन्हा अंगावर घेतला बायनाबाईच्या नवऱ्याने, दत्तरावने. लगेच सोडवून आणतो, असा साहेबांचा शब्द होता. दत्तराव शिक्षा भोगूनच घरी आला, तोही खोकला घेऊन. शाळेतली शिपायाची नोकरी गेली होती. बंगल्यावर खेटे घातले, तर फाटकावरचा रखवालदार आत सोडीना. तरी दुसऱ्या निवडणुकीला त्यानेच बायकोच्या हाती ताट दिलं. शब्द दिलाय माणसाने, म्हणायचा.

तो गेला तेव्हा बंगल्यावर निरोप धाडला होता. साहेब देवगाव फाट्याला कुणाच्या तरी लग्नात होते. मातीला आले नाहीत, नंतरही फिरकले नाहीत. बायनाबाईने डोळे पुसले आणि तिसऱ्या निवडणुकीची वाट बघत बसली.

ताफा आला, तशी शेजारची कडूबाई हळूच म्हणाली, "बायने, तू ओवाळतीस? मोकळ्या कपाळानं?"

"बघू की, त्याच्या ध्यानात येतंय का."

विधवेने ओवाळू नये, हे बायनाबाईला कधी पटलं नव्हतं. पण रंगनाथरावांना पटत होतं, तेवढं तिला पुरे होतं. तिने पदरसुद्धा पुढे ओढला नाही. गावातल्या कुणी ब्र काढला नाही. साहेब हात जोडून कॅमेऱ्याकडे बघत हसत होते. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सावकाश ओवाळलं.

"आशीर्वाद दे, ताई. आन आमचे दत्तराव कुठं हायत? दिसंनात."

"त्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली, साहेब. तुमाला कळवलं होतं की."

तेव्हा कुठे त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा उतरला. हात कपाळाकडे गेला आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी ते कुंकू खसाखसा पुसून टाकलं.

ते चित्रण फोनवरून गावोगाव गेलं. ज्या घरात विधवा आई, बहीण किंवा चुलती नाही, असं घर कुठलं? बायका प्रचाराच्या गाडीपुढे दारं लावून घेऊ लागल्या. रंगनाथराव पडले.

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही; शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात. निकालाच्या संध्याकाळी बायनाबाई फडक्यात पिठलं-भाकरी बांधून बंगल्यावर गेली. फाटकावर अडवायला कुणी नव्हतं. साहेब ओसरीत एकटेच बसले होते. तिने त्यांच्यापुढे फडकं सोडलं.

"तुमी आला न्हाईत. म्हनलं, आपुन तरी रीत पाळावी. खा, साहेब."

आणि त्यांनी पहिला घास तोंडात घालेपर्यंत ती समोरून हलली नाही.